टिकटिकीच्या तालावर आलेली नवरी

मर्गिलान,
जुम्म्याची नमाज आटोपल्यावर

परमआदरणीय व्याही, दोइरावादकांचे मुकुटमणी उस्तो नेमतुल्ला यांच्या सेवेशी,

ज्याने चंद्राला त्याचे मुक्काम नेमून दिले, सूर्याला चंद्राच्या अंगावर धावून जाण्याची मनाई केली आणि रात्रीला दिवसाच्या पुढे एक पाऊलही टाकू दिले नाही, त्या परवरदिगाराच्या कृपेने आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. अब्दुलहय कारीचा सलाम स्वीकारावा. आपल्या गुडघ्यांचे कसे आहे? मागे आपण कळवले होते की गुडघे बसले की उठत नाहीत आणि उठले की बसत नाहीत. त्यावर आमच्या मंडळींनी तुतीचा पाक आटवला आहे, तो या पत्रासोबत येत आहे. सकाळी अनशापोटी एक चमचा घ्यावा. (मंडळींचे म्हणणे असे की तो पोटात घ्यायचा नसून गुडघ्याला चोळायचा आहे. मी म्हणालो, मधाला ज्या वचनाने औषध म्हटले आहे ते प्राशनाविषयीच आहे, आणि तुतीचा पाक हा मधाचा मावसभाऊ. आपण दोन्ही करून पाहावे.) विहीणबाईंना माझा सलाम सांगावा, आणि त्यांचा खोकला गेला असल्यास तो कशाने गेला तेही कळवावे.

आता मूळ विषयाकडे येतो. स्वतःला दुसऱ्याहून थोर मानणे हे जगातले पहिले पाप आणि ते सैतानाने केले, हे मी गेली कैक वर्षे मशिदीच्या मिंबरावरून प्रवचनात सांगत आलो. त्यामुळे हे पत्र मी अभिमानाने लिहीत आहे असा समज करून घेऊ नये. मी केवळ वस्तुस्थिती कळवतो. वस्तुस्थितीच जर अभिमानास्पद निघाली तर त्याला माझा इलाज नाही.

आपली आणि माझी नात दिलनवाज हिच्याविषयी हे पत्र आहे. मागल्या ईदेला ती आपल्या ओसरीवर सिंथेसायझर घेऊन आली होती, ते आपण विसरला नसाल. आम्हीही विसरलेलो नाही. तिने आपल्यापुढे अदबीने बसून वाजवले. आपण डोळे मिटून ऐकलेत, मान डोलावलीत, मग डोळे उघडून तिला म्हणालात, "बेटा, हात उचल बघू." तिने हात उचलला. यंत्र वाजतच राहिले. तेव्हा आपण उद्गारलात, "हात उचलला तरी वाजतंय, म्हणजे वाजवणारा दुसराच कुणीतरी आहे. त्याला बोलाव, त्याला देतो मी दुआ." ओसरीवरचे सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य खरोखर उत्तम होते. फक्त दिलनवाज हसली नाही. परतीच्या वाटेवर तिने गाडीच्या काचेला कपाळ टेकले ते मर्गिलान येईपर्यंत काढले नाही.

आपल्या घराण्यात उस्तादाने दोन्ही हात उचलून ‘ओक फोतिहा’, ती पांढरी दुआ, दिल्याशिवाय शागिर्दाने स्वतःच्या नावाने मजलिस घेऊ नये, असा दंडक आहे. तो दंडक ती पोरगी माझ्या घरात राहून अशी पाळते की रोजे पाळणाऱ्यांनी तिच्याकडून धडे घ्यावेत. लग्नाची आमंत्रणे येतात. ती म्हणते, "माझ्या नावाने नाही, हमदम हाफिजच्या नावाने सांगा." मग हमदम गातो, आणि ही मंचाच्या कडेला फुलांच्या उंच कुंडीमागे बसून वाजवते. कुंडी हमदमनेच ठेवलेली असते. परनिंदा म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे, असे वचन आहे; म्हणून हमदमविषयी मी एक अक्षरही बोलणार नाही. एवढेच सांगतो की त्याच्या दाढीपेक्षा त्याचा कोट जास्त चकाकतो, त्याचे वरचे सूर त्याच्याजवळ नाहीत आणि ते कुठे आहेत हे पुढे येईलच. ज्या गावात संपूर्ण धर्मग्रंथ मुखोद्गत असलेल्यालाही हाफिज म्हणतात आणि गवई म्हणून हमदमलाही हाफिज म्हणतात, त्या गावात नम्रता अंगी बाणवणे सोपे जाते. असो. बोलणार नाही म्हणालो होतो.

यंत्राची थोडी माहिती देणे भाग आहे, कारण ती दिल्यावाचून नातीची थोरवी ध्यानात येणार नाही. त्या सिंथेसायझरात आर्पेजिएटर नावाची एक करामत आहे. (अरबीतले घशाच्या तळातून काढायचे अक्षर मी आयुष्यभर बिनचूक काढले, पण या नावाने माझी कवळी दोनदा सुटली.) तीन बोटांनी तीन स्वर एकदम दाबून धरले की हे यंत्र ती मूठ सोडवते आणि त्यांतले स्वर एकेक करून ओतू लागते, कालव्यावरच्या रहाटासारखे: एक गाडगे वर येते, रिते होते, मागून दुसरे, मागून तिसरे, पुन्हा पहिले. ऐकायला फार गोड. परंतु रहाटाला स्वतःची चाल असते. आणि हमदमसारखे गायक ज्यावर गातात, ते आधीच भरून आणलेले गाणे, ज्याला आमच्याकडचे पोरगेसोरगेही ‘मिनुस’ म्हणते, त्यालाही स्वतःची चाल असते. (मिनुस म्हणजे वजा. सगळी वाद्ये आत असतात, गायक तेवढा वजा केलेला असतो. हमदमच्या बाबतीत ही वजाबाकी किती खरी होती तेही पुढे येईल.) या दोन चाली जुळल्या नाहीत तर काय होते? जमातीच्या नमाजात इमामाच्या आधी जो डोके उचलतो, त्याचे डोके गाढवाचे होईल, अशी ताकीद आहे. माणसाच्या बाबतीत त्याला कयामतीपर्यंत मुदत असते. यंत्राच्या बाबतीत ते जागच्या जागी होते: मिनुसच्या अर्धे पाऊल पुढे गेले की ते तत्काळ रेकू लागते.

यावर दिलनवाजने जो उपाय काढला तो ऐकून मी तिच्या कपाळाचे चुंबन घेतले. तिने मिनुसच्या दोन बाजू केल्या. डाव्या बाजूला संपूर्ण गाणे भरले, उजव्या बाजूला नुसती टिकटिक, एका मात्रेला एक. मिनुस ज्या छोट्या पेटीतून वाजवतात तिला दोन भोके असतात. डाव्या भोकातली तार सभागृहाच्या भोंग्यांकडे जाते, तिथून लोक गाणे ऐकतात. उजव्या भोकातली तार थेट यंत्राच्या कानात जाते. टिकटिक यंत्राखेरीज कुणालाच ऐकू येत नाही. यंत्र त्या टिकटिकीला इमाम मानून मागे उभे राहते, ती वाकली की वाकते, ती उठली की उठते. आणि टिकटिक व गाणे एकाच पोटातून निघाल्यामुळे सगळे एका रांगेत चालतात. ज्या पैगंबरासोबत डोंगर आणि पाखरे सूर धरीत, त्यांचीही व्यवस्था आतून अशीच काहीतरी असली पाहिजे, असे मी मंडळींना म्हणालो. मंडळी म्हणाल्या, "तौबा करा आणि चहा घ्या."

आता लग्नाचा प्रसंग. आमचा शेजारी इर्गश समसावाला, ज्याच्या तंदूरमधल्या समशांची आपण मागे तारीफ केली होती, त्याच्या मुलाचे लग्न गेल्या रविवारी झाले. गायक हमदम, वाद्य दिलनवाजचे, दुआ माझी. असर आणि मगरीब या नमाजांच्या मधली, संध्याकाळची वेळ. मी रिवाजाप्रमाणे लवकर जाऊन मंचाजवळच्या खुर्चीवर बसलो. दिलनवाजने सगळ्या तारा जोडल्या, एकदा वाजवून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि हातपाय धुऊन वजू करायला मागे गेली. (ती प्रत्येक मजलिसीआधी वजू करते. हे मी तिला शिकवले नाही, ती आपोआप करते. वस्तुस्थिती कळवली.)

मी सहज पेटीकडे पाहिले. तिने तारांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. एकीवर ‘गाणे’, दुसरीवर ‘टिकटिक’. आणि ‘गाणे’ डाव्या भोकात होते.

उस्तो, आपण मला ओळखता. मी आयुष्यात मशिदीत डावे पाऊल आधी टाकलेले नाही. उजवा जोडा आधी घातला, उजव्या हाताने जेवलो, उजव्या कुशीवर झोपलो. ज्यांना कर्माची वही उजव्या हाती मिळेल ते तरले आणि डाव्या हाती मिळेल ते बुडाले, हे मी इतक्यांना शिकवले आहे की त्यांपैकी निम्मे आता स्वतःच मरून प्रत्यक्ष पाहत असतील. आणि इथे इर्गशच्या सुनेला उंबरा ओलांडून आत आणणारे गाणे डावीकडून निघणार, नि ती निरर्थक टिकटिक उजवीकडे मानाच्या जागी बसणार! पोर तरुण आहे, गडबडीत राहून गेले असेल, असे मला वाटले. मी उठलो, बिस्मिल्ला म्हणालो आणि दोन्ही तारा उपसून गाणे उजव्या भोकात आणि टिकटिक डाव्या भोकात बसवली. एवढेच नव्हे, तर बसवल्यावर वर हलकेच फुंकर घातली. मग खुर्चीवर येऊन बसलो आणि एक पुण्यकर्म हातावेगळे झाल्याचे जे समाधान असते, ते माझ्या चेहऱ्यावर इतके पसरले की मंडळींनी बायकांच्या बाजूने खुणेने विचारले, "काय केलंत?" मी खुणेने कळवले, "चांगलंच केलं."

पेटीच्या भोकांना चिठ्ठ्या कळत नाहीत, तार कुठलीही लावा, डाव्या भोकातून गाणेच निघते आणि उजव्यातून टिकटिकच, ही गोष्ट मला त्या वेळी ठाऊक नव्हती. आता आहे.

बाहेर फुंकली जाणारी लांबलचक कर्नाई थांबली. दारे उघडली. दोन आत्यांच्या मध्ये, पदराखाली मान घातलेली नवरी उंबऱ्यावर उभी. इथे एक खुलासा: आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांचा पक्का समज आहे की नवरी उंबऱ्यापासून आसनापर्यंत जाईतो वाद्य थांबले तर संसारही मध्येच थांबतो. (याला धर्मात कसलाही आधार नाही, असे मी तीन प्रवचनांत सांगितले. तिन्ही वेळा आमच्या मंडळींनी मान डोलावली, आणि आमची सून, म्हणजे आपली लेक, घरात आली तेव्हा दोन सुरनाईवाले उभे केले, एकाचा दम गेला तर दुसरा असावा म्हणून.) हमदमने कोट सारखा केला, माइक ओठांशी नेला आणि बोटाने खूण केली. दिलनवाजने पेटी सुरू केली.

टक्. टक्. टक्. टक्.

संपूर्ण सभागृहात, भिंतीएवढ्या भोंग्यांतून, दुसरे काहीही नाही. टक्. टक्. नवरीने उचललेले पाऊल हवेतच राहिले. बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणाले, "अगं बाई, मंडपात लाकडं कोण फोडतंय?" इर्गश समसावाला मंचाकडे धावला, "हमदम, अरे गाणं कुठंय? मी गाणं सांगितलं होतं, सुतार नव्हता सांगितला!" आमच्या मंडळी तिकडून माझ्याकडे रोखून पाहत होत्या, आणि उभ्या आयुष्यात प्रथमच मला असे वाटले की कर्माची वही कुठल्याच हातात मिळू नये.

मग दिलनवाजने स्वर दाबले, आणि यंत्र! त्याच्या कानात आता टिकटिकीऐवजी सगळे गाणे शिरले होते. ढोलाची प्रत्येक थाप म्हणजे हुकूम, सुरनाईची प्रत्येक लकेर म्हणजे हुकूम. कोंबड्यांच्या खुराड्यात कोल्हा शिरावा तसे त्याचे झाले. सात स्वर एका घासात, मग थबकणे, मग तीन, मग अकरा. हमदमने तोंड उघडले होते. उघडलेल्या तोंडातून सुरुवातीचा खालचा सूर आला, मग जिथे त्याचा प्रसिद्ध वरचा सूर यायचा तिथे काहीच आले नाही, कारण तो सूर मिनुसमध्ये आधीच भरलेला होता आणि आता यंत्राच्या कानात कोंडला होता. निंदा करत नाही. हमदमचा सूर त्या दिवशी सभागृहातल्या सगळ्यांना वजा झालेला ऐकू आला, एवढी वस्तुस्थिती.

मला वाटले, संपले. पोरीचे नाव संपले, आणि ते मी माझ्या उजव्या हाताने संपवले.

आता जे लिहितो ते बसून वाचावे. (गुडघे बसू देत नसतील तर भिंतीला टेकून.) दिलनवाजने एका झटक्यात यंत्राची ती करामत बंद केली. रेकणे थांबले. फक्त टक्, टक् राहिले. ती पेटी थांबवू शकत होती. थांबवली नाही, कारण नवरी उंबऱ्यावर होती. तिने क्षणभर मान डावीकडे कलती केली, आपण थाप मारायला दोइरा हाती घेताना करता तशी, खालचा ओठ दातांत धरला, आणि दोन टकांच्या मधली जी रिकामी जागा, तीत चार स्वर ठेवले. मग पुढच्या जागेत चार. मग पुढच्या. यंत्र जे करणार होते ते तिची बोटे करू लागली: खालून वर, वरून खाली, एकेक गाडगे, ना मागे ना पुढे. डाव्या पायाची टाच दोइऱ्याच्या बोलांवर जमिनीवर पडू लागली: बुम, बक, बक, बुम. लहानपणी आपण तिला ओसरीवर अक्रोड फोडायला बसवत असा आणि चुकलेल्या ठोक्यावर फुटलेला अक्रोड तिला खाऊ देत नसा. आमच्या मंडळी तेव्हा म्हणत, लेकराला उपाशी ठेवतात. उस्तो, त्या लाकूडतोडीचे गाणे झाले. त्या टिकटिकीलाच लोक ठेका समजू लागले. बायकांनी टाळ्या धरल्या. नवरीचे हवेतले पाऊल खाली आले आणि ते बरोबर ठोक्यावर आले.

हमदमचा वरचा सूर मात्र अजून बेवारस होता. दुसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा दिलनवाजने मान कुंडीबाहेर काढली, त्याच्या हातातला माइक मनगटासकट आपल्याकडे ओढला आणि तो सूर स्वतः लावला. मला सुरातले कळत नाही, मला फक्त पठणातला दीर्घ स्वर किती लांबवावा ते कळते. तो जितका लांबवायला हवा तितकाच होता.

बायकांत कुजबुज उठली, "कोण गं ती, झाडामागची?" कुणी म्हणाले, "कारीची नात." तेवढ्यात आपल्याच कोकंदची एक म्हातारी, इर्गशची मावशी, खुर्चीवरून अर्धी उठून ठसक्यात म्हणाली, "कारीची कसली डोंबलाची! नेमतुल्ला उस्तोची नात आहे ती. टाच बघा की टाच!" आणि तिने चालत जाऊन स्वतःच्या हाताने ती कुंडी उचलून बाजूला ठेवली. हे वाक्य मी जसेच्या तसे कळवतो आहे, यावरून माझ्या प्रामाणिकपणाची कल्पना यावी.

नवरी आसनावर बसली. मी दुआ दिली. एवढ्या कळकळीने दुआ मी पूर्वी कधी दिली नव्हती, आणि तीतला मोठा भाग नवरा-नवरीविषयी नव्हता.

पुढे चहाच्या वेळी दिलनवाज माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बोबोजान, तारांना कुणी हात लावला?"

मी म्हणालो, "ज्यानं लावला त्यानं बिस्मिल्ला म्हणूनच लावला."

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "फुंकर पण मारलीत?" मी कबूल केले. ती इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. आमच्या मंडळी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सर्वांदेखत फर्मान काढले, "अहो कारी, यापुढं तुमचा उजवा हात फक्त जेवायला आणि दुआ मागायला. बाकी सगळं डाव्यानं, आणि तेही मला विचारून." हमदम दुसऱ्या टेबलावर सांगत होता की टिकटिक ही आजकालची नवी फॅशन आहे आणि ती त्यानेच मुद्दाम ठेवली. मी तिकडे कान दिला नाही. (मंडळींनी दिला, आणि मला सांगितले.)

त्याच टेबलाशी इर्गशची बहीण आली. तिच्या मुलीचे लग्न पुढच्या महिन्यात आहे, तेही आपल्या कोकंदला. तिने दिलनवाजचे दोन्ही हात धरले. "बेटा, हमदम नको. तू ये. पत्रिकेवर तुझं नाव घालते." मी दिलनवाजकडे पाहत होतो. तिचा चेहरा आधी उजळला. मग तिने चहाची किटली उचलली आणि ओतता ओतता म्हणाली, "खोलामावशी, माझ्या कोकंदच्या बोबोंनी अजून हात उचललेले नाहीत. त्यांच्या गावात त्यांच्या दुआशिवाय माझं नाव कसं घालू?" पेला भरला, वाहू लागला, दस्तरखानवर आला, तरी ती ओततच राहिली. आमच्याकडे पाहुण्याचा पेला काठोकाठ भरत नाहीत, हे आपल्याला सांगायला नको. अर्धा भरणे म्हणजे मान, पूर्ण भरणे म्हणजे ‘उठा आता’. खोलाने मात्र तो पेला उचलला, पूर्ण प्यायली आणि म्हणाली, "थांबते मी. विचार त्यांना."

तिने विचारलेले नाही. ती विचारणार नाही. हा हट्ट तिच्यात कुठून आला याविषयी माझी आणि मंडळींची चर्चा झाली आणि तो कोकंदहून आला यावर एकमत झाले. मीही काही विचारत नाही. माझ्या उजव्या हाताने एक काम बिघडवले, म्हणून त्याच हाताने हे पत्र लिहितो आहे, इतकेच. आपल्या घरातल्या थोरामोठ्यांस सलाम, लहानांस आशीर्वाद, आणि अंगणातल्या जर्दाळूला माझी आठवण सांगावी. अल्लाह आपले छत्र आमच्या डोक्यावर आणि आपले गुडघे आपल्या शरीराखाली कायम ठेवो.

आपला दुआगो,
अब्दुलहय कारी

ता. क. — वर मी काही विचारत नाही असे लिहिले आहे. ते पत्राच्या मर्यादेसाठी. ताज्या कलमात मर्यादा थोडी सैल असते, म्हणून लिहितो: येत्या जुम्म्याला मर्गिलानला यावे आणि पोरीसाठी दोन हात उचलावेत.

दुसरा ता. क. — गुडघ्यांची सबब चालणार नाही. दुआ हातांनी देतात. इर्गशचा पुतण्या गाडी घेऊन दाराशी येईल, पुढचे आसन मागे सारून ठेवले आहे, पाय लांब करून बसता येईल. इर्गश त्या दिवशी तंदूर आपल्यासाठी पेटवणार आहे. मी स्वतः पुलावासाठी गाजर चिरीन, डाव्या हाताने.

तिसरा ता. क. — यंत्राविषयीच्या मजकुरात चूक राहू नये म्हणून हे पत्र बंद करण्यापूर्वी दिलनवाजला वाचायला दिले. मोठी चूक झाली. ती वाचत गेली, गाल लाल होत गेले, आणि शेवटी म्हणाली, "बोबोजान, हे असं नाही पाठवायचं. सगळं गाणं मी हातानं नाही वाजवलं. पहिलं कडवं हातानं. मग बोटं भरून आली. यंत्राला एक बटण असतं. त्याच्यावर ठेक्यात टिचक्या मारल्या की ते तारेचं ऐकत नाही, आपल्या बोटाची चाल धरतं. मी मारल्या. पुढची कडवी तेच वाजवत होतं, मी नुसती गंभीर तोंड करून बसले होते. हे लिहा, नाहीतर पत्र फाडा. त्या बोबोंना फसवून दुआ नको मला."

म्हणून लिहिले. वर जिथे जिथे ‘बोटे’ आणि ‘हात’ आले आहेत, तिथे आपण पहिल्या कडव्यापुरते समजून वाचावे. टाच आणि सूर मात्र शेवटपर्यंत तिचेच होते. ते मी तिला दोनदा विचारून घेतले.

चौथा आणि शेवटचा ता. क. — पत्र फाडावे असे क्षणभर मनात आले. मग मी तिला विचारले, एकदा टिचक्या मारल्यावर भागत नाही का? ती म्हणाली, "नाही ना. दर कडव्याला पुन्हा मारायच्या. ते विसरत नाही, पण माझ्या बोटात केसाएवढा फरक राहिला तर तोही ते इमानानं धरून ठेवतं. म्हणून पुन्हा सांगावं लागतं." उस्तो, मी जन्मभर वचनांच्या परंपरा तपासल्या, कुणी कुणाकडून ऐकले, मध्ये एखादा खोटा किंवा विसराळू माणूस तर नाही. ही साखळीही मी तपासली. यंत्राने चाल घेतली दिलनवाजच्या बोटाकडून. बोटाने घेतली अक्रोडांकडून. अक्रोड आपण दिलेत, आणि आपल्याला ते आपल्या वडिलांनी दिले. मध्ये कुणी खोटे नाही. जे खोटे वाटण्याजोगे होते ते तिने स्वतःच सांगून टाकले. अशा साखळीला आमच्या शास्त्रात निर्दोष म्हणतात, आणि ती नाकारणाऱ्याला फार कडक शब्द वापरतात, जे मी व्याह्यांना उद्देशून वापरणार नाही.

तेव्हा हिशेब असा की ते यंत्र आता आपल्या शागिर्दाचे शागिर्द झाले आहे. यावे, आणि एकाच उचलण्यात दोघांना दुआ द्यावी. दिलनवाज तर आमीन म्हणेलच. यंत्राला दोन्ही हात वर करून आमीन म्हणण्याची सोय अजून कुणी काढलेली नाही. त्याच्या वतीने मी म्हणेन.